बारा काचांत स्वतःचं डोकं: आधी फिल्म, मग काच

एकामागे एक बारा काचा उभ्या करायच्या, प्रत्येकीवर डोक्याचा एकेक काप कोरायचा. समोर बसलं की काचेत तरंगणारा चेहरा दिसतो. दोन पावलं बाजूला सरकलं की तो नाहीसा होतो आणि उरतात बारा हिरवट कडा. स्वतःची ओळख आणि डोक्यात चाललेलं काहीबाही मांडायला मला तरी यापेक्षा सोपी रचना सापडलेली नाही. भट्टी लागत नाही, काच वितळवावी लागत नाही, जेवणाच्या टेबलावर काम होतं.

तरीही सांगलीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची पहिली काच वाया जाते. हात वाईट असतो म्हणून नव्हे, क्रम चुकतो म्हणून. लोक काचेपासून सुरुवात करतात. काच या कामात सातव्या टप्प्यावर येते. त्याआधी सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या फिल्मवर उभं करून पाहायचं असतं.

## 1. आत काय, ते आधी ठरवा

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या वहीत आत घालायच्या गोष्टींची यादी असते: आई, परीक्षा, देऊळ, घड्याळ, पिंजरा, पक्षी. पिंजरा आणि पक्षी तर हमखास. बारा काचांत एवढं मावत नाही. काचा पारदर्शक आहेत, पण रेषा पारदर्शक नाहीत. पाच गोष्टी कोरल्या तर समोरून फक्त पांढरं धुकं दिसतं.

एकच वस्तू घ्या, आणि ती अशी हवी की तिला खोली असेल. जिना, आड, बोळ, अर्धवट उघडलेलं दार चालेल. सपाट चित्र चालणार नाही, कारण ते एकाच काचेवर बसतं आणि बाकीच्या अकरा काचा नुसत्या सोबतीला उभ्या राहतात. शब्द तर कोरूच नका. डोक्याच्या मधोमध ‘भीती’ असं लिहिलं की पाहणारा ते वाचतो आणि पुढे जातो.

माझ्या कामात जुन्या घराचा जिना आहे आणि 2019 च्या ऑगस्टमधल्या पुराच्या पाण्याची भिंतीवर राहिलेली रेघ. ही रेघ कशी कोरली ते टप्पा 5 मध्ये येईल. या रचनेची खरी गंमत तिथेच आहे.

आणखी एक निर्णय आत्ताच घ्यायचा आहे. आरशात रोज दिसतो तो चेहरा करायचा, की लोकांना दिसतो तो? दोन्हींत डावं-उजवं उलट असतं. भांग आणि तीळ बाजू बदलतात. लोकांना दिसणारा चेहरा केला तर बरेच जण आपलंच काम पाहून म्हणतात, ‘हा मी वाटत नाही.’ कुठलाही घ्या, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मध्येच बदललं तर अर्ध्या काचा एका चेहऱ्याच्या आणि अर्ध्या दुसऱ्याच्या होतात.

## 2. मातीचं डोकं

माती म्हणजे इथे तेलाची माती, मुलं खेळतात ती प्लॅस्टिसिन. कुंभाराची माती नको, कारण पुढच्या टप्प्यात डोकं पाण्यात बुडवायचं आहे.

माप: हनुवटीपासून टाळूपर्यंत 16 सेंमी, रुंदी 11 ते 12 सेंमी, नाकाच्या शेंड्यापासून डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत 14 ते 15 सेंमी. म्हणजे खऱ्या डोक्याच्या साधारण 70 टक्के. सगळं मातीत भरलं तर अडीच किलोच्या आसपास माती लागते. आत विटेचा तुकडा घातला तर निम्मी वाचते. थर्माकोल किंवा कागदाचा बोळा घालू नका, डोकं पाण्यावर तरंगेल.

नेहमीची चूक डोळ्यांची. डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर असतात. सगळे जण ते वर नेऊन बसवतात आणि कपाळ बोटभर उरतं. आपली आतली वस्तू त्या कपाळामागेच बसणार आहे, तेव्हा जागा सोडा. हुबेहूब साम्याच्या मागे मात्र लागू नका. बारा कापांत पापण्या येत नाहीत. नाक, हनुवटी, कपाळाचा उतार आणि कान एवढंच पोचतं.

ज्यांच्याकडे स्वतःच्या मेंदूच्या एमआरआयची सीडी आहे त्यांना माती टाळता येते. स्कॉटिश कलाकार अँजेला पामर अशाच स्कॅनचे काप काचांवर उतरवते. सीडीतले चेहऱ्याला समांतर असलेले, पुढून मागे एकामागे एक लागणारे काप निवडायचे. सीडी स्वतःचीच हवी. दवाखान्यांच्या मिरजेत अशा सीड्या घरोघरी सापडतील, पण दुसऱ्याचं डोकं उसनं घेऊ नये.

## 3. पाण्याने काप काढणे

डोकं टबात उताणं ठेवा, नाक छताकडे. टबाच्या आतल्या भिंतीला मोजपट्टी उभी चिकटवा. आता पाणी 6 मिमीपर्यंत भरा आणि बरोबर वरून फोटो काढा. मग दर वेळी 12 मिमी पाणी वाढवत जा: 18, 30, 42, असं 138 मिमीपर्यंत. बारा पातळ्या, बारा फोटो. पाण्याची कड डोक्याला जिथे टेकते तो त्या पातळीचा काप.

पाणी नितळ असेल तर कड दिसत नाही. मी पहिल्यांदा हळद घातली, सांगलीत ती हाताशी असतेच. पाच मिनिटांत सगळी तळाशी बसली आणि डोक्याचे कान तेवढे पिवळे झाले. पांढरा पोस्टर रंग घाला, चहाचे दोन चमचे पुरे.

फोटोत एक फसवणूक आहे. पाणी चढतं तसं ते कॅमेऱ्याच्या जवळ येतं, त्यामुळे वरचे काप खऱ्यापेक्षा मोठे दिसतात. कॅमेरा 3 मीटर वर धरला तरी पहिल्या आणि शेवटच्या फोटोत साडेचार टक्क्यांचा फरक पडतो. उपाय साधा आहे. थर्माकोलच्या पातळ पट्टीवर 10 सेंमीच्या दोन खुणा करा आणि ती पाण्यावर सोडा. ती कायम पाण्याच्याच पातळीवर राहते. प्रत्येक फोटो छापताना त्या दोन खुणांमधलं अंतर कागदावर बरोबर 10 सेंमी येईल असा छापा. फोन हातात धरू नका; जिन्याच्या कठड्याला बांधा आणि बारा फोटो होईपर्यंत त्याला हात लावू नका.

तपासा: कागदांवर नंबर टाका. सगळ्यात पुढची, नाकाची काच नंबर 1 आणि सगळ्यात मागची 12. म्हणजे पाण्याची *पहिली* पातळी ही *बारावी* काच. इथे उलटं झालं तर चेहरा आतून बाहेर वळल्यासारखा दिसतो आणि चूक कुठे झाली ते दोन दिवस कळत नाही.

## 4. फिल्मवर उभं करणे

बहुतेक जण गाळतात तो हाच टप्पा, आणि मी सगळ्यात जास्त हट्ट धरतो तोही याच्यासाठी.

ए-4 आकाराच्या बारा ओएचपी फिल्म आणा, म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद. प्रत्येक फिल्मवर त्या नंबरचा काप काळ्या पर्मनंट मार्करने उतरवा. फिल्म लवते, म्हणून तिला पुठ्ठ्याची चौकट लावा. जाड थर्माकोलमध्ये 12 मिमीवर चिरा पाडून बारा चौकटी उभ्या करा, मागे पांढरा कागद ठेवा, आणि समोर बसा.

इथे दोन-तीन संध्याकाळ जाऊ देत. रेषा पुसायला स्पिरिटचा बोळा पुरतो, आणि कोरलेल्या काचेवर हे सुख नाही.

## 5. रेषा कमी करणे

फिल्मवर पहिल्यांदा दिसतं ते कांद्याच्या चकत्यांसारखं असतं, एकात एक बारा वर्तुळं. घाबरू नका, आता काढून टाकायला सुरुवात करा.

काच 1 वर फक्त नाकाचा शेंडा येतो. 2 आणि 3 वर नाक, ओठ, हनुवटी, भुवयांची कड अशी सुटी बेटं असतात. ती तशीच ठेवा, जोडू नका. 5 ते 8 या काचांवर डोकं सगळ्यात रुंद असतं आणि चारही रेषा जवळजवळ एकावर एक बसतात. तिथे पूर्ण कड कुठल्याही एकाच काचेवर ठेवा. बाकी तिघींवर कानाजवळचा किंवा जबड्याजवळचा तुकडा पुरे. उरलेलं पाहणाऱ्याचा डोळा जोडतो.

मग आतली वस्तू. तिची जागा 4 ते 9 मध्ये. तिच्या पुढे 1 ते 3 चा चेहरा आहे, म्हणून कपाळाच्या भागात पुढच्या काचांवर एकही रेषा नको. ‘पण मग कपाळ दिसणार नाही’ असं सगळे म्हणतात. दिसतं. भुवई आणि टाळू असली की मधलं कपाळ आपोआप येतं.

आता पुराची रेघ. काच 4 ते 9, या सहाही काचांवर तळापासून एकाच उंचीवर एकेक आडवी रेषा आहे. तुमचे डोळे त्याच उंचीवर असतील तर सहा रेषा एकावर एक बसतात आणि एकच रेघ दिसते, भिंतीवर राहते तशी. खुर्चीतून जरा उठा. त्या सहा रेषा सुट्या होतात, एकीमागे एक पसरतात, आणि डोक्याच्या आत पाण्याचा पृष्ठभाग तयार होतो. बसलं की पाणी ओसरतं. काचेवर त्या नुसत्या सहा सरळ रेषा आहेत. तुमची वस्तू कोणतीही असो, एकाच उंचीवरच्या रेषांचा हा हिशेब तिच्यात कुठे बसतो का ते फिल्मवरच शोधा.

तपासा: तुमची वस्तू काय आहे हे न सांगता घरातल्या कुणाला तरी फिल्मपुढे बसवा. ‘चेहरा आहे, आणि आत काहीतरी जिन्यासारखं’ एवढं आलं तर पुढे जा. ‘चेहरा आहे’ एवढंच आलं तर आतली वस्तू हरवली आहे. ‘काय सुंदर’ हे उत्तर धरू नका.

## 6. बैठक

सुताराला काचेआधी गाठा, कारण तो ठरल्या दिवशी देणार नाही.

बैठक म्हणजे सागवानाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 18 सेंमी लांब आणि 4 सेंमी रुंद. त्यांत 12 मिमीच्या अंतराने बारा खाचा, प्रत्येक खाच 4.5 मिमी रुंद आणि 20 मिमी खोल. काच दोन टोकांना दोन पट्ट्यांत बसते आणि मधला भाग मोकळा राहतो. तिथून खालून उजेड येणार आहे. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो फुगतो आणि काच खाचेत अडकते.

सुताराला दोन गोष्टी सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या. पहिली, दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून खाचा एकदमच पाडायच्या. दुसरी, प्रत्येक खाचेचं माप पट्टीच्या एकाच टोकापासून घ्यायचं. आधीच्या खाचेपासून पुढची मोजली तर दर वेळची अर्ध्या मिमीची चूक साठत बाराव्या खाचेपर्यंत साडेपाच मिमी होते.

## 7. काच आणणे

दुकानात मागायचं ते असं: ‘4 एमएम क्लिअर फ्लोट, 8 बाय 10 इंच, पंधरा नग, एकाच शीटमधून, चारही कडा घासून.’ बारा कामाच्या आणि तीन हात बसवायला. अशी एक काच अर्धा किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे बारांचं वजन सव्वासहा किलोच्या आसपास जातं. घरी आणायला रिक्षा करा, दुचाकीच्या हँडलला पिशवी लावू नका.

टफन काच, म्हणजे तापवून कडक केलेली, कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. ती कापता येत नाही, आणि कोरताना खोल चरा गेला तर पूर्ण काचेचा चुरा होतो. साध्या काचेचा हिरवटपणा नको असेल तर एक्स्ट्रा क्लिअर मागा, किंमत बरीच जास्त पडते. मला हिरवट कडा आवडतात. नदीकाठचे आहोत, चालायचंच.

काचा वाढवण्याचा मोह आवरा. 4 मिमीची साधी काच समोरून येणाऱ्या उजेडापैकी साधारण 90 टक्केच पलीकडे जाऊ देते. बाराव्या काचेवरची रेषा तुमच्यापर्यंत येते ती अकरा काचा ओलांडून, तेव्हा तिचा जेमतेम एक तृतीयांश उजेड उरतो. पंचवीस काचा लावल्या तर मागच्या काचेचा दहावा हिस्साही पोचत नाही. म्हणूनच मागच्या काचांवर रेषा रुंद कोरायच्या आणि पुढे येताना बारीक करत आणायच्या. सगळ्या सारख्या कोरल्या तर नाक भडक आणि मागचं डोकं गायब.

तपासा: बाराही काचा एकावर एक रचून गुण्या लावा. कुठलीही काच अर्ध्या मिमीपेक्षा जास्त बाहेर येत असेल तर दुकानातच बदलून घ्या. ठेवताना दोन काचांमध्ये कोरडा कागद घाला. पावसाळ्यात उघड्या काचा एकमेकींना चिकटून ठेवल्या की मध्ये ओल धरते आणि धुऊन न जाणारे इंद्रधनुषी डाग पडतात.

## 8. कोरणे

साधन: लहान रोटरी टूल (हातात धरायचं, टोकाला बिट गरगर फिरवणारं यंत्र) आणि डायमंड बिट (हिऱ्याची पूड लावलेलं कोरायचं टोक). गोल डोक्याचे 1 आणि 2 मिमीचे दोन बिट पुरतात.

सावधान: काच कोरडी कोरायची नाही, कधीच नाही. काचेची धूळ फुप्फुसात जाते. बिटखाली सतत पाण्याचा थेंब हवा. सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगून नळी सोडली की हात मोकळे राहतात. गॉगल आणि एन-95 मास्क दोन्ही लावा. टूल बॅटरीवर चालणारं घ्या. पाणी आणि 230 व्होल्ट एका टेबलावर नकोत. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. गढूळ पाणी बादलीत साचवा, गाळ बसू द्या, बेसिनमध्ये ओतू नका. काच खाणाऱ्या अ‍ॅसिडच्या क्रीमचे व्हिडिओ पाहिले असतील तर विसरा. त्यातल्या फ्लोराइडने होणारी भाजणूक उशिरा कळते आणि आतपर्यंत जाते. ते घरात करायचं काम नव्हे.

कापाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काचेखाली चिकटवा आणि वरच्या अंगाने कोरा. चित्र आणि बिट यांच्यात 4 मिमी काच आहे, म्हणून तिरकं बसून पाहिलं तर रेषा सरकते. डोकं बरोबर वर आणा, एक डोळा मिटा.

सुरुवात 12 नंबरच्या काचेपासून. तिथे रेषा जाड हवी आणि थोडी थरथर खपते. हात बसत जातो तसे पुढे या आणि नाकाची काच सगळ्यात शेवटी घ्या. दाब देऊ नका, बिटला त्याच्या वजनाने चालू द्या. दाबलं की कडेला कपच्या उडतात. एका दमात लांब रेषा ओढू नका. दोन-दोन सेंमीचे हलके फेरे तीनदा मारा. एका काचेला एक ते तीन तास लागतात. एका दिवशी दोनपेक्षा जास्त काचा घेतल्या की तिसरीवर हात घसरतो, हा माझा अनुभव.

कोरलेली बाजू सगळ्या काचांवर एकच असू द्या, सगळ्यांची पाहणाऱ्याकडे. प्रत्येक काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मास्किंग टेपवर नंबर आणि पुढच्या बाजूचा बाण काढा, कोरायच्या *आधी*. माझ्या पहिल्या कामात सातवी काच उलटी गेली. डाव्या गालावरचा तीळ सहाव्या काचेवर डाव्या गालावर, सातव्या काचेवर उजव्या गालावर. बघणाऱ्यांना वाटलं यात काही अर्थ असणार. मी मान डोलावली आणि घरी येऊन सातवी काच पुन्हा कोरली.

## 9. धुणे आणि उभं करणे

कोरलेल्या चरांत पांढरी पूड बसलेली असते. जुन्या मऊ टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळतं ते चालतं. बोअरच्या पाण्याने ठिपके राहतात. जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी काचेला हात लावू नका. खालून उजेड लागला की बोटाचा ठसा कोरलेल्या रेषेइतकाच चमकतो.

काचा मागून पुढे लावा, 12 पासून 1 पर्यंत. दोन काचांमध्ये 8 मिमीच जागा आहे, बोट जात नाही. म्हणून काचेच्या वरच्या कडेला टेपचे दोन कान लावा, त्यांना धरून काच खाली सोडा आणि नंतर टेप काढा.

तपासा: खाच काचेपेक्षा अर्धा मिमी रुंद आहे. 20 मिमी खोल खाचेत एवढी सैल जागा काचेच्या वरच्या टोकाला सहा मिमीचा झोल देते, आणि बारा काचा बारा दिशांना कलतात. कापाचं सगळं गणित तिथे संपतं. फिल्मच्या टप्प्यातून उरलेल्या तुकड्यांच्या बारीक पट्ट्या कापा आणि प्रत्येक खाचेत पाचर म्हणून सारा. वरून डोळा लावून बाराही कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

## 10. उजेड

मागून दिवा लावू नका. सगळ्यात आधी काचांची धूळ दिसते. दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या घाला. काच आणि एलईडी यांच्यात थोडी हवा राहू द्या. खालच्या कडेतून शिरलेला उजेड काचेच्या आतच आपटत वर चढतो आणि चरा सापडेल तिथून बाहेर पडतो. म्हणून काच काळी राहते आणि रेषाच पेटतात. कडा नीट घासलेल्या नसतील तर इथे कळतं. तेवढी काच मंद दिसते.

अडॅप्टर बैठकीच्या बाहेर ठेवा. वार्म व्हाइट पट्टी घेतली तर साध्या काचेचा हिरवा रंग जरा दबतो.

बैठक किती उंच ठेवायची ते आतल्या वस्तूवरून ठरवा. माझी पाण्याची रेघ जमिनीपासून 115 सेंमीवर येते, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी. समोर एक खुर्ची ठेवली आहे. लोक आधी उभ्यानेच पाहतात, मग कुणीतरी दमून बसतं.

हलवायचं झालं तर आधी अडॅप्टर काढा, मग काचा 1 पासून 12 कडे बाहेर घ्या, प्रत्येकीमध्ये कागद घाला आणि खोक्यात उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या तर पहिल्या खड्ड्यात खालची फुटते.